मामाची गरी

आमच्या घरात ती सगळ्यांत वयस्क आहे आणि सगळ्यांत कमी बोलते. मागच्या खोलीत, छताखाली दोन खुंट्यांवर आडवी निजलेली असते. नवख्याला वाटतं, पडद्याची जुनी काठी असावी. एका दिवाळीत बायकोने कोळिष्टकं झाडायला म्हणून तिला हात घातला, तर तिने आधी पदर धरला आणि मग पदर सोडवायला गेलेलं बोट. त्या दिवसापासून घरात तिला कोणी काठी म्हटलं नाही. ती गरी आहे. पुस्तकात गळ लिहितात. आमच्या गोंदियाकडे गरीच.

खरं तर गरी म्हणजे टोकाचा लोखंडी काटा तेवढा. पण मानवेलीची दांडी, तंगूस, भेंडाचा तुकडा, शिशाची गोळी आणि काटा हा सगळा संसार तिच्याच नावाने चालतो. मानवेल म्हणजे आमच्या जंगलातला भरीव बांबू. मामाने ही दांडी थंडीत, अंधाऱ्या पाखात तोडून आणली होती. अंधाऱ्या पाखातल्या बांबूला भुंगा लागत नाही, असं तो सांगायचा. भुंग्यांना हे कोणी कळवलं ते माहीत नाही, पण ही दांडी अजून अभंग आहे. वर्षभर ती चुलीवरच्या आढ्याला धुरात टांगली होती, मग तिला जवसाचं तेल पाजलं. आजही पावसाळ्याच्या तोंडावर तिला जवसच लागतो. एकदा घरात होतं म्हणून शेंगदाण्याचं चोळलं, तर मुंग्या लागल्या आणि बाईंनी त्या मोसमात एक मासोळी दिली नाही. हा योगायोग असेल. मी पुन्हा तो प्रयोग केलेला नाही.

तिचा स्वभाव पाहायचा तर काटा पाहावा. वर दोरा ओवायला डोळा, मग सरळ दांडा, मग वाक, आणि टोकाच्या आतल्या बाजूला तो उलटा काटा. आत जाताना वाट मोकळी, परतताना बंद. नऊ-दहा वर्षांचा असताना माझ्या अंगठ्यात ती अशीच शिरली. मी रडत मागे ओढत होतो, आणि जितकं ओढावं तितकी ती घट्ट बसत होती. मामाने माझा हात मांडीवर घेतला, गरी मागे ओढण्याऐवजी पुढेच ढकलली, टोक कातडीतून बाहेर काढलं, पकडीने उलटा काटा तोडला आणि मग उरलेली तार आल्या वाटेने अलगद मागे घेतली. दोन मिनिटांचं काम. व्रण अजून आहे. मामाला अंगठ्यापेक्षा गेलेल्या काट्याची हळहळ जास्त होती, हेही आठवतं.

या बाईचं घराणं फार जुनं. जपानमध्ये ओकिनावा बेटावरच्या एका गुहेत समुद्री शंखाच्या कवचातून घासून केलेले गळ सापडले आहेत, सुमारे 23,000 वर्षांपूर्वीचे. त्यांचं छायाचित्र पाहिलं तेव्हा मी उठून मागच्या खोलीत गेलो आणि आमचीला शेजारी धरून पाहिलं. तीच कोर, तोच वाक. इतक्या काळात माणसाने चाकापासून चंद्रयानापर्यंत काय काय केलं, पण मासोळीच्या तोंडात अडकायचा आकार त्याला बदलावासा वाटला नाही.

मामाचं गाव अर्जुनी मोरगाव तालुक्यात. तिथल्या तलावालाही मामाच म्हणतात, हे बाहेरच्यांना समजावून सांगावं लागतं. झाडीपट्टीत कोहळी लोकांनी गावोगाव पाळी घालून पाणी अडवलं आणि त्यावर धान पिकवलं. नवेगावबांधचा विस्तीर्ण तलाव कोलू पाटील कोहळी यांनी बांधला, असं परंपरेने सांगतात. हे तलाव पुढे मालगुजारांकडे राहिले. 1951 मध्ये मालगुजारी संपली, तलाव सरकारजमा झाले, आणि कागदोपत्री त्यांचं नाव पडलं माजी मालगुजारी तलाव. कारकुनाला एवढं लिहायचा कंटाळा. त्याने केलं ‘मा. मा. तलाव’, आणि लोकांनी टिंबं पुसून मामा तलाव. तेव्हा आमचा मामा मामा तलावावर मासोळ्या धरायला जायचा, यात विनोद नाही. सरकारी दफ्तर आहे.

आता मीही मामा झालो आहे. भाचा आयर्लंडमध्ये कॉर्कला नोकरी करतो. गेल्या वर्षी त्याला मासेमारीचं वेड लागलं आणि त्याने तिकडच्या सहलीचा आराखडा मला पाठवला, चक्क एक्सेलमध्ये. सी ट्राउट नावाचा मासा नदीत जन्मतो, समुद्रात जाऊन पोसतो आणि परत गोड्या पाण्यात येतो. तो बुजरा, म्हणून त्याला सांजावल्यावर किंवा रात्री गाठायचं. दुसरा बास. तो खाऱ्या पाण्याचा. भरती चढताना लाटा फुटतात त्या फेसात तो भक्ष्य शोधतो, म्हणून भरती-ओहोटीचं वेळापत्रक पाहायचं. एका रकान्यात भरतीच्या वेळा, दुसऱ्यात वारा, तिसऱ्यात सूर्यास्त, चौथ्यात पाऊस आलाच तर दुसरा किनारा. पाऊस येणारच होता, तो आयर्लंड आहे. चाळीस सेंटीमीटरहून मोठ्या सी ट्राउटसाठी सरकारी परवाना लागतो आणि ठेवून घेतलेल्या माशाला खुणेची पट्टी बांधावी लागते, हेही त्याने तांबड्या अक्षरांत लिहिलं होतं. खाली एक ओळ: ‘मामा, दिवाळीला येतोय. तिकडचा प्लॅन तू कर.’

मी तो कागद गरीखाली बसून वाचला. ती हसली असावी.

तिच्या सहलीचा आराखडा असा मांडता येत नाही, कारण तिला सगळ्यांना विचारून निघावं लागतं. मामा सकाळी तिला खांद्यावर टाकून थेट तलावावर कधीच गेला नाही. आधी ढिवरटोलीत, मासेमारांच्या वस्तीत, जायचा. तिथे एक म्हातारे ढिवर होते, मामा त्यांना काका म्हणायचा आणि आम्ही आजा. मामा अंगणात उभं राहून विचारायचा, ‘काका, आज बसू का जी पाळीवर?’ आजा आभाळाकडे बघत, वारा बघत आणि कधी म्हणत, ‘बस,’ कधी म्हणत, ‘आज नोको बापा, मासोरी अंड्यावर आहे.’ मामा तसाच परत फिरायचा. सात-आठ मैल सायकल मारून आलेल्या माणसाने एका शब्दावर परत फिरावं, याचा मला तेव्हा राग यायचा. मामा घरचा बऱ्यापैकी शेतकरी. ढिवरांकडे गुंठाभर जमीन नाही. तरी विचारणारा तो आणि परवानगी देणारे ते.

तलावाचं पाणी शेतकऱ्याचं असतं, मासोळी ढिवराची. अजूनही शंभर हेक्टरपर्यंत सिंचन करणारे तलाव जिल्हा परिषदेकडे असतात, आणि मासेमारीचा ठेका गावच्या मच्छीमार सहकारी संस्थेला मिळतो. ठेक्याचे पैसे भरायचे, बोटुकली विकत आणून सोडायची, चोऱ्यांवर नजर ठेवायची आणि उन्हाळ्यात पाणी उतरलं की जाळी लावायची. जाळं त्या घरांचं पोट आहे. त्या पाण्यात गरी केवळ पाहुणी. पाहुणीने पाहुणीसारखं राहावं, ही मामाची समजूत, आणि गरीने ती अंगी बाणवली. एक मासोळी घेते, ती निघाली की दुसरीसाठी तासभर पाण्याकडे बघत बसते. जाळ्याशी तिने कधी बरोबरी केली नाही. उलट जाळं ओढायची वेळ आली की मामा तिला पाळीवरच्या झाडाला टेकवून ठेवायचा आणि स्वतः दोर धरायला पाण्यात उतरायचा.

भाच्याला फोनवर हे सांगत होतो तर तो म्हणाला, ‘अरे, इथे उलटं आहे.’ आयर्लंडने 1990 मध्ये बासची व्यापारी मासेमारीच बंद केली. मासा फार सावकाश वाढतो आणि फार झपाट्याने उपसला गेला होता, म्हणून. तेव्हापासून तिथे बास धरायचा तो फक्त गळाने, हौशी लोकांनी, तोही दिवसाला मोजका, आणि लहान असेल तर परत पाण्यात. म्हणजे तिकडे पाहुणीला घर मिळालं आणि जाळं बाहेर गेलं. मासा वाचवायला ते बरोबरच असेल. पण आमच्या गरीला हा किस्सा मी जरा दबक्या आवाजातच सांगितला. डोक्यात काही शिरायला नको. आमच्या तलावात जाळं बाहेर गेलं तर ढिवरटोलीत चूल पेटणार नाही, आणि परगावच्या हौशी मामा-भाच्यांनी गरी टाकून बसावं म्हणून कोणी उपाशी राहावं, हे तिच्या स्वभावात बसणारं नाही.

तिची खरी दोस्ती मरळीशी. दोस्ती म्हणजे जन्माचं वैर. मरळ हवेतून श्वास घेते, म्हणून वरचेवर पाण्यावर येऊन ‘टप्’ करून जाते, आणि त्या एका आवाजाने मामाची मान वळायची. तलाव आटला तर चिखलात दडून राहते. दातांची, अंगाने लांबट, तोंडाने सापासारखी, आणि बेडकावर जीव टाकणारी. गरीला मरळ लागली की दांडी पहिल्यांदा आपण होऊन बोलते. बुडापासून शेंड्यापर्यंत कमान होते आणि तंगूस पाण्यात वीणेसारखं वाजतं. मात्र भादव्यात पाण्यावर तांबूस-नारिंगी पिलांचा गोळा तरंगताना दिसला की मामा गरी गुंडाळायचा. त्या गोळ्याखाली नर-मादी दोघं राखणीला असतात, आणि पिलांजवळ काहीही पडलं तरी त्यावर तुटून पडतात. भुकेने नव्हे, रागाने. अशा वेळी मरळ धरणं पोरासोरांनाही जमतं आणि वर आलेली पिलं तासाभरात दुसऱ्या मासोळ्यांच्या पोटात जातात. गरीला ही शिकार आयती मिळते आणि ती घेत नाही. निदान मामाच्या हातात घेत नसे. माझ्या हातात तिने एकदा घेतली होती. त्या दिवशी मामा माझ्याशी बोलला नाही, ताटात कालवण वाढलं तेव्हाही नाही.

शिंगाडा म्हटलं की आमच्याकडे विचारावं लागतं, वेलीचा की मिशांचा? दोन्ही एकाच तलावात, दोन्ही ढिवरांच्या हातचे, आणि दोघांनाही काटे. मिशांचा शिंगाडा रात्री गांडुळावर येतो. वाम लागली तर गाठी मारून तंगुसाचं भजं करते. शिंगी हातात धरली तर तिचा काटा अशी कळ आणतो की माणूस गरी-बिरी विसरतो. हे सगळे गरीच्या ओळखीचे, तलावातले जुने भाडेकरू. रोहू, कतला, मृगळ हे मात्र मूळचे गंगेकडचे पाहुणे, तिच्यासारखेच. 10 जुलै 1957 रोजी ओडिशात हिरालाल चौधरी यांनी कार्प माशांना टोचून अंडी घालायला लावलं, आणि त्यानंतर हे बीज तलावातलावांत पोचलं. आता संस्था बोटुकली आणते ती याच तिघांची, कारण वजन लवकर भरतं आणि बाजारात भाव ठरलेला असतो. रोहू कणकेच्या गोळीवर येतो, पेंडीच्या वासावर येतो, सभ्यपणे लागतो, सभ्यपणे निघतो. गरीला त्यात राम वाटत नाही. मला वाटतो. रोहूला काटे कमी नाहीत, पण कालवण झकास होतं.

तिच्याकडे आठवण आहे, आणि तीच अवघड गोष्ट. मामाच्या काळी एका सकाळीत ती चार-पाच जातींच्या मासोळ्या दाखवायची. मध्ये अशी काही वर्षं गेली की गाळ चढला, पाळीच्या आत बेशरमाचं रान माजलं, तळची वनस्पती गेली, आणि गरी तासन् तास कोरडी वर यायला लागली. त्यात कोणीतरी थाई मांगूर आणून सोडला. देशात त्याच्यावर बंदी आहे, पण मासा बंदी वाचत नाही. तो दुसऱ्या मासोळ्या खातो. पहिल्यांदा तो लागला तेव्हा दांडी वाकली, मी आनंदलो, आणि वर काढून पाहिलं तर आपला मांगूर नव्हे. पाळीवर बसलेली ढिवर बाई म्हणाली, ‘हा पान्यात टाकू नोका.’ त्या दिवशी गरीने तलावाचं काम केलं असं म्हणायला हरकत नाही.

अर्जुनी मोरगाव भागात मनीष राजनकर आणि त्यांच्यासोबतचे ढिवर स्त्री-पुरुष यांनी तलावांवर जे काम केलं, ते मी पाहुणा म्हणून पाहिलं. बेशरम मुळासकट उपटायचं, उन्हाळ्यात कोरडा पडलेला तळ नांगरायचा, पाण्यात वाढणारी देशी वनस्पती पुन्हा लावायची, मग देशी मासोळ्या. कोणत्या गवतात कोणती मासोळी अंडी घालते, हे बायकांना तोंडपाठ. कारण गुडघाभर पाण्यात त्यांचा जन्म गेला आहे. मारुती चितमपल्ली वनाधिकारी म्हणून नवेगावबांधला राहिले, माधवराव पाटील डोंगरवारांबरोबर त्या तलावाकाठी फिरले, आणि तिथल्या लोकांकडून पाखरं-मासोळ्यांची नावं गोळा केली. मोठ्या माणसांची शाळाही तीच होती, आमची गरी तर त्या शाळेच्या बाहेरच्या ओट्यावर बसणारी.

असो. आराखडा.

नवेगावबांध पहिल्यांदाच खोडला. पाणी देखणं आहे, भाच्याला दाखवायला नेईन, पण तिथे राष्ट्रीय उद्यान आहे, व्याघ्र प्रकल्प आहे. वनखात्याच्या हद्दीत गरी पिशवीतून काढायचीच नसते. नागझिऱ्याच्या बाजूच्या तलावांनाही हाच नियम लावला. इटियाडोहचा विचार केला. गाढवी नदीवरचं ते धरण 1970 मधलं, पाणी समुद्रासारखं. भाच्याला तिथे कॉर्कची आठवण येईल. पण गरी तिथे अवघडते. तिचं तंगूस आखूड, नजर आखूड. तिला पाळ लागते, पाळीवर मोहाचं झाड लागतं, समोर हाताच्या अंतरावर कमळाची पानं लागतात. एकदा नेली होती, दिवसभर वाऱ्याशीच भांडत बसली.

म्हणजे मामाचाच तलाव. गोंदियाहून बल्लारशाकडे जाणारी गाडी धरायची, अर्जुनीला उतरायचं, पुढे भाच्याच्या मावसभावाची मोटारसायकल. वेळ दिवाळीनंतरची. हलका धान कापून झालेला असतो, भारी उभा असतो, सकाळी पाण्यावर वाफ असते. फार थंडी पडली की मासोळी सुस्तावते, म्हणून कार्तिक पुढे ढकलायचा नाही. आमिषाला गांडूळ, पेंड, आणि तांदळाच्या कोंड्यात कालवलेली कणीक. मामा तिच्यात चिमूटभर बडीशेप टाकायचा, ते का, हे विचारायचं राहून गेलं. बेडूक नको. भाच्याला ते बघवणार नाही, आणि आताशा मलाही.

एक गोष्ट त्याच्या एक्सेलमधून घेतली. तुटलेलं तंगूस पाण्यात किंवा बांधीत टाकायचं नाही, गुंडाळून खिशात घालायचं. महाराष्ट्रात सारस उरले ते आमच्या गोंदियाकडे. ते याच तलावांत आणि धानाच्या बांध्यांत चरतात, आणि नायलॉन पायात गुंतलं की पाखराला ते सोडवता येत नाही. मामाच्या वेळी दोरा सुताचा होता, कुजून जायचा.

भाच्याने आपल्यासाठी कार्बनची दांडी आणतोय म्हणून कळवलं आहे. चार तुकड्यांत घडी होते म्हणे. आणू दे. दोघी शेजारी बसतील. एकीला समुद्राच्या गोष्टी सांगता येतील, दुसरीला चुलीच्या धुराच्या.

आजा आता नाहीत. त्यांच्या सुनेचा मुलगा संस्थेचं काम पाहतो, त्याचा नंबर माझ्याकडे आहे. परवा फोन केला. म्हणाला, ‘या ना जी, पन रविवारी नोको, रविवारी आमचे शिंगाडे तोडनं आहे.’ वेलीचे. मग सोमवार ठरला. गरीला जवसाचं तेल लावून झालं आहे, तंगूस नवं भरलं आहे, भेंडाचा तुकडा कातून बांधला आहे. गांडुळं मात्र आदल्या रात्रीच काढावी लागतील, आमच्या अंगणात फरशी आहे.